नुकसानीची यादी

पानाला चाळीस रुपये.
लंडनच्या कडेला क्यू म्हणून जागा आहे,
तिथे कुणीतरी जुन्या कागदांचे फोटो काढतं,
ते जातात बोस्टनच्या एका प्राध्यापिकेकडे,
आणि तिथून साताऱ्यात, गोडोलीत,
माझ्या ओट्याशेजारच्या टेबलावर.

काम मिळालं ते मोडीमुळे.
भाचा म्हणाला, मावशी, तू बोरू न उचलता लिहिलेलं वाचतेस,
हे तर नुसतं इंग्रजी.
नुसतं इंग्रजी!
पहिले चार दिवस त्यातला प्रत्येक 'स' मला 'फ' दिसला.
माणसं 'फॉल्ट'ची पोती भरत होती,
'फिल्व्हर'चे चमचे पुरत होती परसात.

मग वाईचे शिरवळकर गुरुजी आठवले,
रविवारच्या वर्गात हातात भिंग घेऊन उभे:
अक्षर वाचू नका, हात वाचा.
हात कुठे घाई करतो, तेवढं बघा.

तर, हात.
साल सतराशे चौऱ्याऐंशी. बाई विधवा, हाना पेल.
अमेरिकेत बंड झालं तेव्हा ही राजाच्या बाजूची,
म्हणून घरदार गेलं,
आणि आता लंडनात भाड्याच्या खोलीतून
सरकारला लिहिते आहे: भरपाई द्या.
जिंकले त्यांचे तिकडे पुतळे झाले,
हरलेल्यांच्या गाद्या-उशांची मोजदाद इकडे राहिली.
साताऱ्याचीही गाऱ्हाणी याच लंडनला गेली होती की,
बोटीने, वर्षानुवर्षं,
तीही असतील कुठल्यातरी फळीवर.

गाई दोन, पैकी एक गाभण.
पिसांच्या गाद्या तीन.
चहाची तांब्याची किटली, झाकणाला पोचा.
इथे मला ही बाई आवडली.
पोचा सांगितला तर किंमत उतरेल
हे काय तिला कळत नव्हतं?
सफरचंदाची झाडं अकरा, फळावर आलेली.
फीबी, वय अंदाजे चौदा, पौंड पंचेचाळीस.
चरखा एक.

मी गॅस बंद केला.
पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले.
किटलीपाशी शाई फुटली आहे, बोरू थबकला आहे.
फीबीपाशी नाही.
तिथे हात सरळ चालत गेलाय, चांगल्या रस्त्यावरून जावा तसा.

प्राध्यापिकेला मेल लिहायला घेतला:
बाई, तुमच्या लोकांनी
आणि बोटं तिथेच राहिली.
कारण ही ओळ मी आधी वाचली होती.
वाईतच. सरावाला दिलेल्या मोडी कागदात, जुन्या रुमालातल्या:

घोडी एक, अबलख.
कुणबीण एक, नाव सगुणी, उमर वर्षे बारा.
घंगाळ एक.

आम्ही सगळे 'अबलख'वर अडलो होतो तेव्हा.
अबलख म्हणजे नेमका कुठला रंग,
यावर अर्धा तास गेला, मग चहा आला.
सगुणीवर कुणी अडलं नाही.
सोपी अक्षरं होती.

मेल पुसला.
तिची सूचना आहे: जसं आहे तसं उतरवा,
शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह.
फीबीच्या अक्षरांत मला काहीही शंका नव्हती,
तरी मी प्रश्नचिन्ह टाकलं.
सकाळी उत्तर आलं, नाव तर स्वच्छ दिसतंय, शंका कसली?
अजून मी काही कळवलेलं नाही.

रात्री खिडकीतून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे दिसतात,
सगळे एकदम लागतात, एकदम विझतात.
त्या उजेडात काही वाचता येत नाही.

पुढच्या पानावर हाना पेलची सही, ऐटदार.
खाली साक्षीदार: एक फुली.
फुलीशेजारी नाव लिहायचं कारकून विसरला आहे.

फुलीला दोनच रेघा.
पहिली थरथरली आहे.
दुसरी नाही.